'क्रमशः' लिहिणाऱ्याचे देणे

जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात 'डेल्टारून' या गेमचे तिसरे आणि चौथे प्रकरण एकदम प्रसिद्ध झाले, तेव्हा गंगापूर रोडला राहणारी माझी भाची बारावीचा निकाल हातात घेऊन प्रवेशाच्या धावपळीत होती. या गेमचे पहिले प्रकरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी आले होते. त्या वेळी ती सहावीत होती आणि दिवाळीच्या सुटीत आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसून तिने ते तीन दिवसांत संपवले होते. दुसरे प्रकरण सप्टेंबर २०२१ मध्ये आले. ती नववीत गेली होती आणि तिची शाळा अजून मोबाइलच्या पडद्यावरच भरत होती. सहावीपासून बारावीपर्यंतचा हा सगळा काळ गेममध्ये मात्र जेमतेम काही दिवसांचा होता. "मामा, मी यांच्याएवढी होते, मग यांच्याहून मोठी झाले, आणि ही मुलं अजून गृहपाठातच अडकलीत," असे ती गेममधल्या शाळकरी मुलांबद्दल हसत म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या मनात मात्र त्यातून एक प्रश्न उरला. कथा तुकड्यातुकड्याने लोकांपुढे ठेवणाऱ्याने पुढच्या तुकड्यासाठी त्यांना किती काळ थांबवावे, आणि ते थांबलेले असताना तो त्यांचे काय देणे लागतो? लासलगावला कांद्याचा भाव पडलेला असताना गेमच्या पुढच्या भागाची चर्चा करणे काहींना रिकामपणाचे वाटेल, हे मला ठाऊक आहे. परंतु आज पंचविशीच्या आत असलेल्या मुलामुलींनी ज्या कथा सर्वांत जास्त मन लावून अनुभवल्या, त्यांपैकी बऱ्याच कथा त्यांनी वाचलेल्या किंवा पाहिलेल्या नसून खेळलेल्या आहेत, आणि त्यांसाठी घरातून खरे पैसे गेलेले आहेत. त्या व्यवहाराचे नियम काय असावेत याचा विचार मोठ्यांनीही करायला हरकत नाही.

वाट पाहण्याशी नाशिकचे काही वैर नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २००३ नंतर तो २०१५ मध्ये आला आणि त्यानंतर थेट २०२७ मध्ये येणार. मधल्या काळात घाट बांधले जातात, रस्ते उकरले जातात, निविदांवरून भांडणे होतात, पण बारा वर्षे थांबावे लागले म्हणून आपली फसवणूक झाली असे रामकुंडावरच्या कुणालाही वाटत नाही, कारण गुरू सिंह राशीत केव्हा जाणार हे पंचांगात आधीच छापलेले असते. चातुर्मासात 'हरिविजय' लावणाऱ्या घरात छत्तीस अध्याय आहेत हे पहिल्या दिवशीच माहीत असते. इतके दूर कशाला, वाचनालयात मोठ्या कादंबरीचा दुसरा खंड दुसऱ्या कुणीतरी नेलेला असला, तरी तो परत येण्याची तारीख नोंदवहीत पाहून सांगता येते. प्रतीक्षेची लांबी माणूस सहसा सोसतो. ती किती आहे, ती संपणार आहे की नाही, आणि ज्याच्यासाठी थांबलो तो अजून कामावर आहे की दुकान बंद करून गेला, हेच कळत नसेल तर मात्र ती सोसवत नाही. कथाप्रधान गेमच्या भागांमध्ये पडणाऱ्या लांबलचक अंतराबद्दल माझा आक्षेप एवढाच आणि नेमका इथेच आहे.

क्रमशः प्रसिद्ध होणारी कथा आपल्याला नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने छापली. मराठी कादंबरीचा पाया ज्या लेखनाने घातला त्याचा बराच भाग असा, वाचकाला आठवडाभर ताटकळत ठेवून लिहिला गेला आहे. तेव्हा भागाभागाने गोष्ट सांगणे हीच मुळात फसवाफसवी आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. पण साप्ताहिकाच्या वर्गणीदाराची स्थिती आणि आजच्या खेळाडूची स्थिती यांत एक फरक होता. वर्गणी आगाऊ भरलेली असली, तरी कादंबरीचा हप्ता चुकलेल्या आठवड्यातही अंक घरी येत असे आणि त्यात वाचायला दुसरे काहीतरी असे. शिवाय पुढच्या अंकाचा वार ठरलेला होता. खेळाडूच्या वाट्याला मधल्या काळात बहुतेक वेळा काहीच येत नाही.

भागाभागाने गेम काढण्याची कल्पना ज्या आशेने पुढे आली, ती आशा वाट कमी करण्याची होती, हे आज विसरले गेले आहे. 'हाफ-लाइफ' १९९८ मध्ये आली आणि 'हाफ-लाइफ २' यायला २००४ उजाडले. पुन्हा सहा वर्षे लोकांना थांबवण्यापेक्षा लहान लहान भाग लवकर लवकर द्यावेत, अशी भूमिका घेऊन व्हॉल्व्ह या कंपनीने तीन भागांची मालिका जाहीर केली. 'एपिसोड वन' जून २००६ मध्ये आला, 'एपिसोड टू' ऑक्टोबर २००७ मध्ये आला आणि एका जिव्हाळ्याच्या पात्राच्या मृत्यूवर, ऐन पेचात, संपला. 'एपिसोड थ्री' आलाच नाही. व्हॉल्व्हने स्पष्ट नकार दिला असता तर लोक चार दिवस हळहळले असते आणि कामाला लागले असते, परंतु वर्षानुवर्षे होय किंवा नाही यांपैकी काहीच धडपणे सांगितले गेले नाही. या मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ कंपनीतून बाहेर पडले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावे बदलून, पत्राच्या रूपात, त्या न झालेल्या भागाचे कथानक स्वतःच प्रसिद्ध केले. पुढे मार्च २०२० मध्ये 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' आली, पण ती खेळायला डोक्यावर चढवायचे व्हीआर उपकरण लागते, म्हणजे तेरा वर्षे थांबलेल्यांपैकी बहुतेकांना ती फक्त दुसऱ्याने खेळताना पाहावी लागली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, 'हाफ-लाइफ २'ला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने निघालेल्या माहितीपटात कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी याचे कारण सांगितले. त्या भागातून गेमच्या कलेत नवे काय पुढे जाईल हे आपल्याला उमगत नव्हते, आणि निव्वळ कथा पुढे नेण्यासाठी भाग काढणे ही खेळाडूंबद्दलच्या कर्तव्यातून पळवाट ठरली असती, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. कारण प्रामाणिक आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. तंत्रज्ञान पुढे नेणे हे त्यांच्या कंपनीचे ध्येय असेल, पण ज्याला त्यांनी 'एपिसोड' असे नाव देऊन विकले त्या वस्तूचा पुढचा भाग कथेनेच बांधलेला होता. कीर्तनकाराने पूर्वरंग मांडायचा, उत्तररंगात आख्यान ऐन भरात आणायचे, आणि मग शेवटासाठी नवीन चाल सुचत नाही म्हणून वीणा खाली ठेवून घरी जायचे, असा तो प्रकार आहे. कायद्याने व्हॉल्व्ह कुणाचे काही देणे लागत नाही, कारण तिसऱ्या भागाचे पैसे तिने कधी घेतलेच नव्हते. पहिले दोन भाग मात्र लोकांनी तिसरा येणार या भरवशावर घेतले होते. ते देणे पैशाचे नव्हते, शेवटाचे होते, आणि नोकरी सोडलेल्या लेखकाने चार पानांच्या पत्रातून ते जमेल तसे फेडले. मोठी कंपनी जे करू शकली नाही ते करायला एवढेच पुरले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता थांबण्याने गेमचे नेमके काय बिघडते ते पाहू, कारण कादंबरीच्या वाचकाला हा मुद्दा पटकन लक्षात येत नाही. कादंबरीचा पुढचा भाग पाच वर्षांनी आला तर मागचा भाग पुन्हा चाळता येतो. कथा तीच असते. कथाप्रधान गेममध्ये कथा प्रत्येकाची थोडी थोडी वेगळी झालेली असते. टेलटेल गेम्स या स्टुडिओच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये खेळाडू कुणाला वाचवतो, कुणाशी खोटे बोलतो, लहानग्या क्लेमेंटाइनसमोर कसा वागतो, यावर पुढचे प्रसंग बेतलेले असत, आणि असा निर्णय घेतला की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येई की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. ती लक्षात ठेवतेही, कारण खेळ कुठवर आला हे साठवणाऱ्या सेव्ह फाइलमध्ये ते नोंदलेले असते. विसरतो तो खेळाडू. सहा आठवड्यांनी पुढचा भाग आला तर आपण त्या माणसाला का सोडून दिले होते, त्या क्षणी आपल्याला कशाची भीती वाटली होती, हे ताजे असते आणि पुढे त्याचे परिणाम समोर आले की मनाला लागते. तीन वर्षांनी तोच परिणाम समोर आला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीचा हिशेब वाटतो. या प्रकारच्या गेमची सगळी ताकद 'हे मी केले' या भावनेत असते, आणि ती भावना टिकण्याची एक मुदत असते.

त्यात व्यवहारातल्या अडचणी येऊन मिळतात. लॅपटॉप बदलतो, हार्ड डिस्क जाते, घरातला धाकटा भाऊ जागा हवी म्हणून फोल्डर उडवतो, आणि पाच भागांपैकी तीन भागांतले सगळे निर्णय पुसले जातात. मग गेम विचारते की मागचे निर्णय आपोआप ठरवू का. म्हणजे आपल्या नावाने दुसऱ्याच कुणाचे तरी चरित्र पुढे चालू होते. हाताची सवयही जाते. मला स्वतःला दोन वर्षांच्या खंडानंतर एक मालिका पुढे खेळताना साधे दार उघडायचे बटण कोणते ते आठवेना, आणि कथेतला अत्यंत करुण प्रसंग मी चुकीची बटणे दाबत, एका कपाटाला धडका देत पार पाडला. त्यात करुण काही उरले नव्हते.

हे सगळे खरे असले तरी उशीर करणारे लोक आळशी किंवा लबाड असतात असे समजणे चूक होईल. वाचकांच्या पत्रव्यवहारात जशी लेखकाला दूषणे दिली जात तशी ती गेम करणाऱ्यांनाही मिळतात, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या माणसाला मिळतात. एका भागासाठी चित्रकार, ॲनिमेटर, आवाज देणारे कलाकार, संगीतकार, प्रोग्रॅमर आणि चुका शोधणारे परीक्षक अशी सगळी फौज लागते. कथेला फाटे फुटतात तसे काम वाढते: पहिल्या भागात जगू किंवा मरू शकणारे एक पात्र पुढच्या प्रत्येक भागात दोनदा लिहावे लागते. पहिला भाग बाहेर पडल्यावर लोकांना काय आवडले नाही ते कळते, आणि पुढचा लिहून ठेवलेला भाग मोडून नव्याने करण्याचा मोह होतो. हा मोह वाईट नसतो, कारण कित्येकदा त्यातूनच चांगले काम निघते.

पण मुख्य अडचण पैशाची आहे, आणि तिच्यात ग्राहकाचाही हात आहे. पहिला भाग घेणारे सगळेच दुसरा घेत नाहीत, दुसरा घेणारे सगळे तिसरा घेत नाहीत. खर्च मात्र प्रत्येक भागाला जवळपास तेवढाच येतो. त्यातच दोन-चार मालिका अर्ध्यावर बुडालेल्या पाहून शहाणा झालेला ग्राहक ठरवतो की सगळे भाग आल्यावरच एकदम घ्यायचे. त्याचे चुकत नाही. मीही हल्ली तेच करतो. परंतु सगळ्यांनी तसे केले की पहिला भाग विकला जात नाही, पहिल्याच्या विक्रीवर दुसऱ्याचे काम चालणार असते ते अडते, उशीर होतो, आणि तो उशीर पाहून आणखी लोक हात आखडता घेतात. मे २००६ मध्ये सुरू झालेल्या 'सिन एपिसोड्स' या मालिकेचे नऊ भाग योजलेले होते. एक निघाला आणि तिथेच ती थांबली. या चक्रातून बाहेर पडायचे तर कुणीतरी आधी विश्वास दाखवावा लागतो, आणि विश्वास मागणाऱ्याने तो दाखवण्याजोगे वागावे लागते.

टेलटेलने तो एकेकाळी मिळवला होता. २००६ च्या ऑक्टोबरपासून २००७ च्या एप्रिलपर्यंत 'सॅम अँड मॅक्स'चे सहा भाग या स्टुडिओने जवळपास महिन्याला एक या गतीने दिले, आणि २०१२ मध्ये 'द वॉकिंग डेड'चे पाचही भाग एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पूर्ण केले. म्हणजे ही गोष्ट अशक्य नव्हती. पुढे यशाच्या भरात एकाच वेळी अनेक नामांकित मालिकांचे हक्क घेतले गेले, कामाचा ताण वाढत गेला, विक्री घटत गेली, आणि २१ सप्टेंबर २०१८ रोजी स्टुडिओने सुमारे २५० लोकांना नुकसानभरपाईशिवाय घरी पाठवले. 'द वॉकिंग डेड'च्या शेवटच्या सीझनचा पहिला भाग ऑगस्टमध्ये आलेला होता, दुसरा या बातमीनंतर चार दिवसांनी आला, आणि चारही भागांचे पैसे ज्यांनी आधीच भरले होते ते ग्राहक व ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते कर्मचारी, दोघेही एकाच अंधारात उभे राहिले. मूळ चित्रकथेच्या निर्मात्यांशी संबंधित असलेल्या स्कायबाउंड गेम्सने ते काम हाती घेतले, जुन्या चमूतल्या काही लोकांना परत बोलावले, आणि जानेवारी व मार्च २०१९ मध्ये उरलेले दोन भाग देऊन क्लेमेंटाइनची गोष्ट संपवली. ती संपली हे खेळाडूंचे नशीब. मालिकेमागे मोठे नाव नसते तर कुणी धावून आले असते असे मला वाटत नाही. या प्रसंगानंतर 'भाग वेळेवर द्या' असा नुसता धोशा लावणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करायला हवा होता, कारण वेळेवर भाग मिळत होते तेव्हाही ते रात्री जागवलेल्या माणसांच्या जिवावर मिळत होते.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत भक्कम साक्ष 'केंटकी रूट झीरो'ची आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्डबोर्ड कॉम्प्युटर या नावाने काम करणाऱ्या तिघांनी ही गेम पाच अंकांत केली. पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये, दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात, तिसरा मे २०१४ मध्ये, चौथा जुलै २०१६ मध्ये आणि पाचवा थेट जानेवारी २०२० मध्ये आला. सुरुवातीचा बेत काही महिन्यांच्या अंतराने एकेक अंक देण्याचा होता. प्रत्यक्षात सात वर्षे लागली, आणि पाचही अंकांचे पैसे सुरुवातीला भरलेले लोक सात वर्षे थांबले. तरीही या गेमविषयी कडवटपणाने बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. कर्जबाजारी झालेल्या, हळूहळू ओस पडत चाललेल्या एका मुलखाची ती गोष्ट आहे, आणि सात वर्षांच्या मुरण्याने ती अधिक सखोल झाली असे म्हणायला जागा आहे. परंतु या तिघांनी मधल्या काळात काय केले तेही पाहिले पाहिजे. दोन अंकांच्या मध्ये त्यांनी छोटे छोटे प्रवेश, एखादे प्रदर्शन, एखादा टेलिफोन क्रमांक, एखादे टीव्ही केंद्र अशा रूपांत, फुकट दिले. दुकान उघडे होते आणि आतून हातोड्याचा आवाज येत होता. तारखा चुकल्या, पण माणसे गायब झाली नाहीत. माझ्या मते क्षमा त्यांना याच कारणाने मिळाली, आणि म्हणून ती साक्ष शेवटी माझ्याच बाजूची निघते.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो की भाग वगैरे बंद करा, सगळी गेम एकदम द्या. 'लाइफ इज स्ट्रेंज' या मालिकेने तोच मार्ग धरला. २०१५ मध्ये पहिल्या गेमचे पाच भाग जानेवारी ते ऑक्टोबर असे आले, दुसऱ्या गेमला सप्टेंबर २०१८ ते डिसेंबर २०१९ असा सव्वा वर्षाचा काळ लागला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'ट्रू कलर्स'ची पाचही प्रकरणे एकाच दिवशी देण्यात आली. ग्राहक म्हणून मला यात तक्रारीला जागा नाही, पण वाचक म्हणून काहीतरी हरवल्यासारखे वाटते. कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर २०१५ मध्ये त्या गेमच्या दोन भागांमधल्या दोन-दोन महिन्यांत जी वादावादी चाले, कुणी काय निवडले, आता त्या बेपत्ता मुलीचे काय होणार, वादळ खरे की स्वप्न, ती वादावादी हाही त्या कथेचाच भाग होता. रविवारी रात्रभर जागून जो शेवटापर्यंत गेला आणि जो अजून पहिल्याच प्रकरणात आहे, त्या दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही नसते. थांबण्यातच गोष्ट मनात वाढते, हे आपल्या आज्यांना कळत होते. त्या दुपारच्या गोष्टीचा शेवट रात्रीवर ढकलत, पण रात्री तो सांगत.

मधला रस्ता असा आहे की गेम पूर्ण करून ठेवावी आणि मग ठरलेल्या वारी भाग द्यावेत. २०२० मध्ये 'टेल मी व्हाय'ची तीन प्रकरणे आठवड्याला एक याप्रमाणे आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये 'डिस्पॅच' या गेमचे आठ भाग आठवड्याला दोन या हिशेबाने चार आठवड्यांत देण्यात आले, आणि ती करणाऱ्या ॲडहॉक स्टुडिओच्या संस्थापकांमध्ये टेलटेलमधून बाहेर पडलेले लोक आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुधाने तोंड पोळले होते, त्यांनी ताक फुंकले आणि ते लोकांना आवडले. अर्थात हे त्यांनाच परवडते ज्यांच्याकडे सगळी गेम पूर्ण होईपर्यंत तग धरण्याइतके भांडवल आहे. सातपूरच्या एका खोलीत दोन मित्र मिळून मराठी बोलणाऱ्या पात्रांची एखादी गेम करायला बसले, तर त्यांनी चार वर्षे काही न विकता काढावीत असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना पहिला भाग विकूनच दुसरा करावा लागेल. त्यांच्यासाठी नियम वेगळा हवा, आणि तो इतकाच असावा की जो भाग हातात आहे त्याचेच पैसे घ्यावेत.

आगाऊ घेतलेला पैसा हा या विषयाचा खरा कणा आहे. तीन-चार वर्षांपूर्वी मी एका लहान परदेशी संस्थेच्या पाच भागांच्या गेमचे पूर्ण पैसे एकदम भरले, कारण तसे केल्यास सवलत होती. दोन भाग आले. तिसरा 'लवकरच' होता, मग 'या वर्षअखेरीस' होता, मग त्यांच्या पानावर नवीन मजकूर येणेच बंद झाले. विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला विचारले तर परताव्याची मुदत केव्हाच उलटून गेल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते. माल मिळालेल्या दिवसापासून नाही. मेन रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराने पाच साड्यांचे पैसे घेऊन दोन दिल्या आणि उरलेल्या तिन्हींबद्दल विचारल्यावर 'पावती जुनी झाली' असे सांगितले, तर त्याच्या दुकानासमोर काय होईल हे नाशिककरांना सांगायला नको. रक्कम काही शे रुपयांची होती म्हणून मी गप्प बसलो, आणि असे गप्प बसणारे हजारोंनी असतात म्हणूनच हा व्यवहार चालतो.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. जुलै २०२० पासून अमलात असलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सची व्याख्या करताना डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच महिन्यात आलेले ई-कॉमर्सचे नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी दुकानांनाही लागू होतात. तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, म्हणजे त्यासाठी नाशिक सोडून कुठे जावे लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तरीही सातासमुद्रापलीकडच्या, बहुधा बंद पडलेल्या संस्थेविरुद्ध काही शे रुपयांसाठी कोण भांडणार? म्हणून आग्रह दुकानाकडे धरायला हवा, कारण पैसे त्याच्या हातून जातात आणि दलाली तो घेतो.

या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने सीझन पास, म्हणजे पुढच्या भागांचे पैसे आगाऊ घेणारा पास, विकणाऱ्यांसाठी नियम केला की पासात कोणकोणते भाग आहेत, प्रत्येकात काय असेल आणि तो साधारण केव्हा येईल हे विक्रीपूर्वी सांगितले पाहिजे. तारीख पुढे ढकलण्याची मुभा एकदाच आणि तीन महिन्यांपर्यंत मिळेल. एखादा भाग रद्द झाला तर त्याच्या किमतीइतके पैसे ग्राहकाला परत करावे लागतील. हे दुकान चालवणारी कंपनी व्हॉल्व्हच आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटला. नियम चांगला आहे, आणि त्याची व्याप्ती सर्व दुकानांपर्यंत जायला हवी, मोबाइलवरच्या दुकानांपर्यंत तर आधी, कारण आपल्याकडे बहुसंख्य मुले तिथेच खेळतात. मी त्यात दोन गोष्टी आणखी मागेन. न आलेल्या भागांचे पैसे दुकानाने स्वतःकडे राखून ठेवावेत आणि भाग आला की त्या प्रमाणात निर्मात्याला द्यावेत. घर बांधणाऱ्याला आपण टप्प्याटप्प्याने पैसे देतो, त्यात नवीन काही नाही. आणि मालिका सोडून द्यावी लागलीच, तर निर्मात्याने उरलेल्या कथेचा आराखडा, चार पाने का होईना, खेळाडूंसाठी खुला करावा. दुसरी मागणी कायद्यात बसणार नाही हे मला समजते. ती सभ्यतेत बसते.

हा लेख लिहून झाल्यावर मी भाचीला वाचायला दिला. तिला तो निम्मा पटला. "तारीख सांगून ती चुकवली असती तर मला जास्त राग आला असता," असे तिचे म्हणणे. 'डेल्टारून'चे कर्ते टोबी फॉक्स यांनी पहिली दोन प्रकरणे फुकट दिली, चार प्रकरणे तयार झाल्यावरच २०२५ मध्ये पैसे मागितले, पुढच्या प्रकरणांसाठी पुन्हा पैसे पडणार नाहीत असे सांगितले, आणि मधल्या वर्षांत कोणते प्रकरण कुठवर आले आहे याचे खुलासे ते वेळोवेळी पाठवत राहिले. ते सगळे तिने ई-मेलमध्ये जपून ठेवले आहेत. मी तिला विचारले की पुढच्या प्रकरणांसाठी आणखी सात वर्षे लागली तर? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तेव्हा मी नोकरी करत असेन, मामा. पण काम चालू आहे हे त्यांनी कळवत राहावं."